असईची लढाई टेबलावर: उद्यमनगरातल्या थ्रीडी प्रिंटिंगवाल्यांचा सविस्तर रिव्ह्यू

निकाल आधी सांगतो, पाचपैकी चार. कोल्हापुरात राहून मिनिएचर वॉरगेमिंग, म्हणजे छोटे सैनिक टेबलावर मांडून फाशांनी लढाई खेळायचा खेळ, करताय आणि नेपोलियनच्या काळातली एखादी लढाई स्वतः सिनारिओ (त्या लढाईची मांडणी आणि नियम) लिहून खेळायची इच्छा असेल तर उद्यमनगरातल्या या छोट्या युनिटकडं जरूर जा. नाव इथं टाकत नाही कारण मालक म्हणाले जाहिरात नको, आधीच कामं उरकत नाहीत, कुणाला खरंच पाहिजे असेल तर मेसेज करा, पत्ता देतो. रेझिन थ्रीडी प्रिंट आणि एमडीएफ लेझर कटिंग दोन्ही एकाच ठिकाणी होतं, आणि माझ्या कामात नेमकं तेच लागत होतं.

काम काय होतं ते नीट सांगायला पाहिजे, नाहीतर रिव्ह्यूचा काही उपयोग नाही. मला असईची लढाई करायची होती. २३ सप्टेंबर १८०३, आपल्या जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात. एका बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढं वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला भिडला, आणि दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांची फौज. वॉरगेमिंगवाले लोक नेपोलियनचा काळ म्हटलं की वॉटर्लू, ऑस्टरलिट्झ, बोरोदिनो एवढंच करत बसतात, आणि खुद्द वेलिंग्टनला म्हातारपणी विचारलं की तुमची सगळ्यात चांगली लढाई कुठली तर त्यानं असई सांगितली. ती आपल्या मातीत झाली आणि आपणच ती टेबलावर मांडत नाही याचं मला मनापासून वाईट वाटायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे असईचे जे सिनारिओ मी वाचलेत त्यातल्या बऱ्याच जणांनी मराठ्यांची बाजू म्हणजे नुसती गर्दी करून टाकलीय, संख्या भरपूर, दर्जा सगळ्यात खालचा, इंग्रज पुढं आले की पळायचं. हे इतिहासाला धरून नाही आणि खेळ म्हणूनपण बेकार आहे. शिंद्यांचे कंपू म्हणजे महादजींच्या काळात द बॉयन नावाच्या युरोपियन अधिकाऱ्यानं कवायत शिकवून उभं केलेलं पायदळ, आणि असईला त्यांची कमांड होती पोलमन नावाच्या हॅनोव्हरच्या माणसाकडं. या पायदळानं शत्रू बाजूनं येतोय म्हटल्यावर अख्खी रांग नव्वद अंशात फिरवून नवी आघाडी उभी केली, वेलस्लीला हे जमेल असं वाटलंच नव्हतं. आणि इंग्रज जिंकले ते कुठल्या किमतीवर, तर प्रत्यक्ष लढलेल्या साधारण साडेचार हजार माणसांपैकी मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून १,५८४. म्हणजे तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त. हे सगळं टेबलावर दिसलं पाहिजे ही माझी अट होती आणि ती अट शेवटी बेसच्या, म्हणजे सोल्जर ज्या छोट्या पट्टीवर चिकटवतात तिच्या, मिलिमीटरवर येऊन थांबते, म्हणून प्रिंटिंगवाला कोण यावर माझ्या सिनारिओचं सगळं अवलंबून होतं.

आता हिशोब बघा. आमचं टेबल ६ बाय ४ फुटाचं. १ मिलिमीटरला दीड मीटर धरलं तर लांबी पावणेतीन किलोमीटर आणि रुंदी साधारण १,८०० मीटर येते. वेलस्लीची एक पलटण ५०० माणसांची धरा, दोन रांगांत उभी केली तर २५० माणसं रुंदीला, प्रत्येकाला ५५-५६ सेंटिमीटर जागा, म्हणजे १४० मीटर, म्हणजे टेबलावर ९० मिलिमीटरच्या आसपास. म्हणून मी पलटणीला ३० मिलिमीटरचे तीन बेस ठरवले. २८ मिलिमीटर उंचीची मोठी सोल्जर वापरली तर ९० मिलिमीटरमध्ये जेमतेम सहा जण बसतात आणि ती पलटण वाटतच नाही, म्हणून ६ मिलिमीटरची फिगर घेतली, एका बेसवर दोन रांगा, रांगेत दहा-दहा.

मराठ्यांचं गणित जास्त इंटरेस्टिंग आहे. पोलमनकडं कवायती पायदळ १० ते ११ हजार होतं असं धरतात. ते दोन रांगांत उभं केलं तर तीन किलोमीटरची आघाडी होते, तीन रांगांत केलं तरी दोन किलोमीटर. आणि त्यानं जी नवी आघाडी धरली, उजवी बाजू केळणेला टेकलेली आणि डावी असई गावाला, ती होती साधारण मैलभर. म्हणजे जागाच पुरत नाही! संख्या जास्त असून ती सगळी एकदम लावता येत नाही, आणि वेलस्लीनं नेमकी ही अडचणीची जागा निवडली. मग इंग्रजांना स्पेशल बोनस द्यायची काहीच गरज उरत नाही, जमीनच ते काम करते. पण हे टेबलावर खरं व्हायचं असेल तर त्या मैलाच्या, म्हणजे टेबलावर १,०७० मिलिमीटरच्या पट्ट्यात ३५ बेस बसले पाहिजेत, छत्तिसावा मागंच उभा राहिला पाहिजे. बेस ३० च्या ऐवजी २९ चा आला की छत्तिसावा आत घुसतो, ३१ चा आला की चौतिसावरच पट्टा संपतो, आणि दोन्हीकडं सिनारिओ बिघडतो.

आधी बाहेरच्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून बेस मागवलेले त्यात असाच फरक होता, म्हणून उद्यमनगरला पहिल्यांदा गेलो तेव्हा फिगरबद्दल बोललोच नाही, फक्त विचारलं की ३० म्हणजे ३० देणार का. मालक मूळचे फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न करणारे, आयुष्य कास्टिंगच्या श्रिंकेज अलाउन्समध्ये (धातू थंड होताना आकसतो तेवढं माप वाढवून धरण्यात) गेलेलं, ते म्हणाले, "लेझरची धार जळून जेवढं जातंय तेवढं आम्ही ड्रॉइंगमध्येच वाढवून धरतो, तुम्ही कॅलिपर घेऊन या की, समोर मोजूया." आणि खरंच समोर मोजून दिले. ३ मिलिमीटरच्या एमडीएफचे अख्खे शीट कापले, मी घरी येऊन मूठ-मूठ घेऊन ओळीनं लावून बघितले, पट्ट्यात ३५ बसले, बरोबर. या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण मार्क देतो. पॅटर्नमेकिंगचं एवढं जुनं काम आपल्या गावात आहे आणि ते डोकं असल्या बारीक कामाला किती उपयोगी पडतं हे बघून लई बरं वाटलं.

फिगरचं सांगतो. इंग्रजांच्या बाजूला ७४वी आणि ७८वी या हायलँडर, म्हणजे स्कॉटिश पलटणी, मद्रासच्या सिपायांच्या पलटणी, घोडदळात १९वी लाइट ड्रॅगून्स आणि मद्रासच्या देशी रेजिमेंटी. यांच्यासाठी विकत घेतलेल्या एसटीएल फाइल (थ्रीडी प्रिंटची मॉडेलं) होत्या, त्या घरी वापरायचं लायसन्स होतं, ते त्यांनी आधी नीट वाचून घेतलं आणि मगच प्रिंटला लावलं, हे मला आवडलं. मराठ्यांच्या कंपूंसाठी मनासारखी फाइल मिळाली नाही. मग तिथं डिझाइनचं काम बघणाऱ्या ताईंनी स्वतः मॉडेल केलं, मी नुसती जुनी चित्रं आणि माझं मत घेऊन बसायचो आणि त्या स्क्रीनवर फिरवून फिरवून दाखवायच्या. माझा एकच आग्रह होता की हे लोक रांगेत, खांद्याला खांदा लावून, बंदूक एका कोनात धरून उभे दिसले पाहिजेत, विस्कटलेले नकोत, कारण टेबलाजवळ येणाऱ्या माणसाला नियम वाचायच्या आधी बघूनच कळलं पाहिजे की ही कवायती फौज आहे. ते तंतोतंत उतरलंय.

संगिनीवरून थोडी चर्चा झाली. मला त्या बारीक हव्या होत्या, मालक म्हणाले, "ओ सर, एवढी बारीक धरलीसा तर हाताळताना मोडणारच. जाड करूया, लांबून तुम्हाला फरक दिसणार न्हाई." ताईंनी दोन्हीचा एकेक सॅम्पल काढून दिला, जाडवाला घेतला आणि तो बरोबर निर्णय ठरला, कारण आमच्या ग्रुपमध्ये कॉलेजची पोरंपण खेळतात आणि सोल्जर उचलताना कुणी जपून धरत नाही.

तोफा मात्र, काय सांगू, नाद खुळा काम. असईची लढाई म्हणजे तोफांची लढाई आहे. मराठ्यांकडं शंभरच्या आसपास तोफा होत्या, लढाईनंतर इंग्रजांच्या हाती ९८ लागल्या, आणि त्यांच्या ओतकामाचं कौतुक खुद्द इंग्रजांनी केलंय. सुरुवातीलाच या तोफांनी इंग्रजांचा तोफखाना गप्प केला, बैल मारले गेले, तोफा ओढायला काही उरलं नाही, म्हणून वेलस्लीला त्या मागं टाकून नुसत्या संगिनीवर पुढं जावं लागलं. माझ्या सिनारिओत एक मॉडेल म्हणजे ८ तोफा, म्हणून मराठ्यांना १२ मॉडेल आणि इंग्रजांना फक्त दोन.

आणि आता तो प्रसंग ज्याच्यामुळं मी हा सगळा खटाटोप केला. ७८वी आणि सिपाई केळणेच्या बाजूनं मराठ्यांच्या तोफांवर चालून गेले, गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत, जागेवरच लढले. रांग तोफांच्या पलीकडं जाऊन पायदळाच्या मागं लागली तेव्हा मेल्यासारखे पडून राहिलेले गोलंदाज उठले, तोफा फिरवल्या आणि इंग्रजांच्या पाठीत छर्रे मारायला लागले. वेलस्लीला ७८वी आणि घोडदळाची एक रेजिमेंट घेऊन स्वतः परत मागं यावं लागलं, त्याच झटापटीत त्याच्या डायोमेड नावाच्या घोड्याला भाला लागला. एवढा मोठा प्रसंग, आणि बहुतेक नियमांत काय असतं तर तोफेपर्यंत पोचलात की तोफ काढून बाजूला ठेवा. संपलं. हे मला मान्यच नाही. त्या माणसांनी तिथं जे केलं ते खेळात आलंच पाहिजे.

म्हणून मी मागितलं की तोफ एका बेसवर आणि गोलंदाज वेगळ्या छोट्या तुकड्यावर हवेत, आणि तो तुकडा उलटा करून बसवता यायला पाहिजे, एका बाजूला उभे गोलंदाज आणि दुसऱ्या बाजूला आडवे पडलेले. हे मी कागदावर वेडंवाकडं काढून नेलं होतं. मालकांनी कागद बघितला, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले दोन्ही बाजूंनी फिगर असली तर ते खाली टेकणार कशावर, खालच्या संगिनी आणि डोकी दबणार. मग त्यांनीच उपाय काढला, बेसमध्ये आयताकृती खाच पाडली, तुकडा कडेवर टेकतो आणि खालची फिगर खाचेत मोकळी राहते. खाच खोल पाहिजे म्हणून तोफांच्या बेसला एमडीएफचे तीन थर एकावर एक चिकटवलेत, ते बाकीच्या बेसपेक्षा उंच झाले, पण तोफा जरा उंचवट्यावर ठेवल्यासारख्या दिसतात, चालतंय.

आता नियम असा आहे की तोफ काबीज झाली की तुकडा उलटा, गोलंदाज आडवे. त्यानंतर प्रत्येक टर्नला, शत्रूचं पायदळ किंवा घोडदळ त्या तोफेला चिकटून उभं नसेल, तर मराठा खेळाडू फासा टाकतो, ५ किंवा ६ पडला की तुकडा सुलटा आणि तोफ कुठल्याही दिशेला वळवून लगेच फायर. तोफा कायमच्या बंद करायच्या असतील तर इंग्रजाला एक अख्खी पलटण एक टर्न तिथं थांबवावी लागते, आणि त्याच्याकडं मुळात पलटणी मोजक्या. पहिल्यांदा खेळलो तेव्हा इंग्रजांकडून खेळणारे आमचे एक रिटायर्ड सर, आयुष्यभर इतिहास शिकवलेले, तोफा उलट्या करत पुढं निघून गेले, आणि पुढच्याच टर्नला मागून दोन तोफा उठल्या, टेबलाभोवतीची सगळी पोरं ओरडली. सर म्हणाले, "हे पुस्तकात वाचलंवतं, पण आज कळलं." त्या दिवशी पैसे वसूल झाले.

उजव्या बगलेचं पण थोडक्यात सांगतो कारण तिथंपण प्रिंटवाल्यांचा हात आहे. वेलस्लीच्या पिकेट्सचा, म्हणजे पहाऱ्याच्या तुकड्यांचा, ऑरॉक नावाचा अधिकारी असई गावाच्या दिशेनं नको एवढा उजवीकडं सरकत गेला, त्याच्या मागून ७४वी, आणि गावातल्या तोफांच्या आणि बंदुकांच्या माऱ्यात ७४वीची वाताहत झाली, शेवटी मॅक्सवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं घोडदळ घेऊन त्यांना सोडवलं, आणि तो स्वतः त्याच दिवशी पुढच्या हल्ल्यात मेला. यासाठी मी असा नियम केलाय की पिकेट्स दर टर्नला फासा टाकून ठरलेल्या सरळ रेषेपासून उजवीकडं सरकतात, थांबवायचं असेल तर वेलस्लीची फिगर तिथं न्यावी लागते, आणि ती तिथं नेली तर डावीकडं ७८वीजवळ कुणी नाही. त्यांनी सरकण्याचं अंतर मोजायला लेझर कट केलेली एक तिरकी पट्टी स्वतःहून करून दिली, मागितली नव्हती. असई गाव चार तुकड्यांत आहे, मातीच्या भिंती, मधोमध मोकळी जागा, एक तुकडा काढला की आत पलटणीचा बेस बसतो.

नद्यांबद्दल मी थोडा नाराज आहे. पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं नदीच्या दोन काठांना समोरासमोर दिसली म्हणून वेलस्लीनं ओळखलं की मध्ये उतार, म्हणजे नदी चालत ओलांडायची जागा, असणारच, वाटाडे नाही म्हणत असतानाही, आणि तिथूनच तो पार झाला. त्यामुळं केळणेचा काठ उंच आणि उताराची जागा सपाट दिसायला पाहिजे होती. मिळाले ते नदीचे तुकडे सगळे एकसारखे सपाट, काठाला फक्त कोरलेली रेघ. बोललो तेव्हा म्हणाले थर वाढवून करून देऊ पण शीट जास्त लागेल आणि खर्च वाढेल. शेवटी मी घरी थर्माकोल आणि फेव्हिकॉल-भुशानं काठ केले. दिसायला चांगले झालेत, पण हे काम त्यांच्याकडून झालं असतं तर पाचवा स्टार दिला असता.

बाकी तक्रारी. घोडदळाच्या घोड्यांचे पाय पहिल्या लॉटमध्ये फार नाजूक होते, काही डब्यातच मोडलेले आले, ते बदलून दिले पण त्यासाठी बरंच थांबावं लागलं. सपोर्टच्या (प्रिंट होताना फिगरला आधार देणाऱ्या काड्यांच्या) खुणा टोप्यांवर राहतात, प्रायमर मारल्यावर जास्त दिसतात, त्यामुळं बारीक सँडपेपर हाताशी ठेवा. फोन उचलत नाहीत, दुपारी तर नाहीच, व्हॉट्सअॅपवर व्हॉइस नोट टाकली तर रात्री उत्तर येतं. आणि पावसाळ्यात एमडीएफची ऑर्डर देऊ नका, कोल्हापूरचा पाऊस तुम्हाला माहितीय, पातळ बेस ओल धरून वाकतात, आणले की दोन्ही बाजूंनी वार्निशचा हात मारून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर रेझिनचं वजन आणि मशीनचा वेळ या दोन्हीवर रेट लावतात, डिझाइनचे वेगळे. डिझाइन महाग वाटेल, मला पण सुरुवातीला वाटलं, पण ती फाइल आपल्याला देऊन टाकतात, पुढच्या वेळी फक्त प्रिंटचे पैसे. परदेशातून मेटलच्या फिगर मागवून कुरिअर आणि कस्टम भरण्यापेक्षा हे मला बरंच स्वस्त पडलं, आणि मेटलमध्ये शिंद्यांचे कवायती कंपू पाहिजे तसे मिळतातच असं नाही.

ज्यांना हा सिनारिओ खेळायचाय त्यांच्यासाठी दोन गोष्टी. वेळ: २० मिनिटांचा एक टर्न, एकूण दहा टर्न, लढाई दुपारी सुरू होऊन संध्याकाळपर्यंत चालली त्या हिशोबानं. स्टीव्हन्सनची दुसरी इंग्रज फौज दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला पोचली, त्यामुळं ती टेबलावर येतच नाही, कुणी कितीही मागितली तरी देऊ नका. मराठ्यांच्या हलक्या घोडदळाचे बेस थोडेच ठेवलेत आणि ते फक्त ६ पडला तर हलतात, कारण हजारोंचं घोडदळ त्या दिवशी हाताशी असून प्रत्यक्ष लढाईत फारसं उतरलं नाही. आणि जिंकायची अट: इंग्रजांनी असई घेतली आणि पोलमनला जुईपलीकडं रेटलं तरी त्यांचे एक तृतीयांश बेस गेले असतील तर बरोबरी, त्याहून जास्त गेले तर मराठे जिंकले. यावर आमच्या ग्रुपमध्ये अजून भांडण चाललंय, एक जण म्हणतो खरी लढाई तर इंग्रजांनी जिंकली, मग तुझ्या नियमानं ती मराठ्यांची कशी होते. माझं म्हणणं असं की मैदान कुणाकडं राहिलं ते सगळ्यांना आधीच माहितीय, टेबलावर प्रश्न हा पाहिजे की वेलस्लीपेक्षा कमी माणसं गमावून ते घेता येतं का, आणि पोलमनच्या जागी बसलेल्याला पण जिंकायला खरंखुरं काहीतरी पाहिजे, नाहीतर त्या खुर्चीत कोण बसणार.

कंपूंच्या, उलटणाऱ्या गोलंदाजांच्या आणि असई गावाच्या फाइल माझ्याकडं आहेत, कोल्हापूर-सांगली-इचलकरंजीकडच्या कुणाला स्वतःसाठी प्रिंट करून घ्यायच्या असतील तर ताईंना विचारून देतो, त्यांची हरकत नाही असं त्या म्हणाल्यात. इंग्रजांच्या फाइल मात्र लायसन्सच्या आहेत, त्या तुम्ही स्वतः विकत घ्या. ऑर्डर द्यायला जाताना बेसचं माप मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून न्या, तोंडी सांगू नका, आणि शक्यतो सकाळी जा, दुपारनंतर तिथं पंपाच्या पार्टवाल्यांची गर्दी असते. मी दिवाळीनंतर लासवारी करायला घेणारय, १ नोव्हेंबर १८०३, उत्तरेतल्या कंपूंची लढाई, तेव्हा तोफांच्या बेसची उंची थोडी कमी करता येते का ते बघायचंय.